गणिताच्या मास्तराला प्रयोगशाळा हवी आहे

त्रिज्या_तालुका (धागाकर्ता), १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. आज काम पडलं म्हणून लिहितोय, तेव्हा आधीच माफी.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका अनुदानित कॉलेजात गणित शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. पीएचडी डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये, तीही नोकरी सांभाळून, एसटीने विद्यापीठात जाऊन-येऊन. विभागात आम्ही दोघे, त्यातला दुसरा तासिका तत्त्वावर. टीवायला यंदा नऊ मुलं आहेत आणि हा धागा त्यातल्या एकीमुळे आहे.

जुलैमध्ये लॉजिस्टिक समीकरण शिकवत होतो, म्हणजे मर्यादेपर्यंत जाऊन थांबणाऱ्या वाढीचं; त्यातला आर म्हणजे वाढीचा वेग. फळ्यावर लिहिलं, समजा आर बरोबर ०.०२. ही मुलगी म्हणाली, "सर, हा आर कुणी मोजला?" म्हटलं, पुस्तकात दिलाय. "नाही, पण कशाने मोजला?" मी हसून पुढे गेलो. घरी आल्यावर जेवताना लक्षात आलं, की आयुष्यभर हे समीकरण सोडवूनही मी एकदाही कुठला आर मोजला जाताना बघितलेला नाही.

तिचे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेत. त्यामुळे आकडा म्हटला की तो आला कुठून, हे विचारायची तिला घरातूनच सवय. तिला एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत न्यावं, त्यांचे आकडे घेऊन आम्ही दोघांनी काही काम करावं, असं डोक्यात आलं. तेव्हापासून ४१ मेल पाठवले. सहा उत्तरं आली. चार नम्र नकार. एकांनी 'एमओयू (सामंजस्य करार) पाठवा' म्हटलं. तो ५०० च्या स्टॅम्पवर झाला, संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते शाल-श्रीफळ झालं, स्थानिक पेपरात फोटो आला. त्याला आता बरेच दिवस झाले, पुढे काहीही नाही. सहाव्यांनी माझं नाव चुकवून दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं उत्तर मला पाठवलं.

तुमच्यात संशोधन संस्थांमधले लोक आहेत, म्हणून विचारतो. गणिताच्या माणसाशी प्रयोगशाळा जोडली जाते ती नेमकी कशी? माझं कुठे चुकतंय?

गोळाबेरीज, १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सर, मुलीपुरतं आधी सांगतो. तिला एमटीटीएसला, म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षण शिबिराला, अर्ज करायला लावा. १९९३ पासून चालू आहे, उन्हाळ्यात चार आठवडे, राहणं-खाणं त्यांचं. मी गेलो होतो तेव्हा पहिल्या आठवड्यात रडलो होतो आणि चौथ्या आठवड्यात घरी यायला तयार नव्हतो. पुस्तक बंद करून विचार करायला तिथे शिकलो. शिवाय तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, बेंगळुरू, दिल्ली, प्रयागराज अशा तिघींची मिळून. ती शिक्षकांनाही असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जाहिरात साधारण याच दिवसांत निघते. तारखा बघून घ्या आणि दोघांनीही अर्ज करा.

मुरलेलं_लोणचं, १५ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

शाल-श्रीफळ झालं म्हणजे काम झालंच की हो सर. नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) तिसऱ्या निकषात एक ओळ वाढली. आमच्या कॉलेजचे चौदा एमओयू आहेत, त्यातला एक अशा कंपनीशी, जी बंद पडली आहे. फाइल मात्र अजून उत्तम स्थितीत.

(दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा. मीही त्याच बोटीत आहे.)

ध्रुवपद, १५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी पुण्यात पाषाणच्या बाजूला एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे. जिवाणू, सूक्ष्मदर्शक, लेसर वगैरे. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना असे मेल आठवड्याला दहा-बारा येतात आणि त्यातले निम्मे वाचून मीच बाजूला करते. त्यामुळे तुमच्या ४१ पैकी एखादा माझ्या हातून गेला असेल तर आधी क्षमा मागते.

एक करा. तुमचा मेल जसाच्या तसा इथे टाका. लाजू नका.

त्रिज्या_तालुका, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१२

इंग्रजीत होता, मराठीत सारांश देतो. "आदरणीय महोदय, मी अमुक महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक असून माझे १७ शोधनिबंध प्रकाशित आहेत. गणितीय प्रतिमानांच्या साहाय्याने आपल्या संस्थेच्या संशोधनकार्यास हातभार लावण्याची इच्छा आहे. आपल्या संस्थेशी दीर्घकालीन सहकार्य प्रस्थापित झाल्यास ग्रामीण विद्यार्थ्यांस लाभ होईल. सोबत बायोडाटा व विद्यार्थिनीची गुणपत्रिका जोडली आहे." बायोडाटा ११ पानी.

लिहिताना बरा वाटला होता. आता इथे उतरवताना घाम फुटतोय.

ध्रुवपद, १५ नोव्हेंबर, रात्री ९:५५

सर, राग मानू नका. हा मेल तुम्ही कापड गिरणीला पाठवला असता तरी चालला असता. यात आमच्याबद्दल एक अक्षर नाही.

आमच्या बाजूने सांगते. 'गणितीय प्रतिमान करून देतो' हे वाचलं की आमच्या पोटात गोळा येतो. कारण अनुभव असा, की माणूस येतो, आमच्याकडून सहा महिने आकडे मागतो, आणि शेवटी चार पानांचा सिद्धांत देतो की उत्तर अस्तित्वात आहे आणि ते एकमेव आहे. अहो, ते अस्तित्वात आहे हे आम्हाला दिसतंय की, शेकरवर (नळ्या हलवणाऱ्या यंत्रावर) फिरतंय! आम्हाला वेगळ्या गोष्टी अडतात. दोन प्रयोगांत फरक आला तो खरा की हाताचा? पुढचं मोजमाप कुठल्या वेळेला घेतलं तर जास्त कळेल? पाच आकड्यांवरून तीन स्थिरांक काढणं रास्त आहे का? असं काही घेऊन कुणी आलं तर बाई स्वतः चहा करतील.

आणि एक प्रश्न. तुमच्याच कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी विभाग आहे का?

त्रिज्या_तालुका, १५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आहे. आमच्या विभागापासून जिन्याच्या पलीकडे. एकोणीस वर्षांत दोनदा आत गेलोय, दोन्ही वेळा परीक्षेच्या सुपरव्हिजनला.

ध्रुवपद, १५ नोव्हेंबर, रात्री १०:४२

:)

काजूबोंड, १६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

थोडं अवांतर वाटेल, पण नाही. मी पीक-सुधारणेतला माणूस, गोव्याचा. आमच्या धंद्यात गुणसूत्रावर दोन जनुकं किती अंतरावर आहेत हे काढायला रोज 'कोसंबी' वापरतात. सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय असतात, हाल्डेन आणि कोसंबी. आमच्याकडच्या एका हुशार पोराला वाटायचं, कोसंबी हा कुणी जपानी असावा.

तर ते आमचे दामोदर कोसंबी, गोव्याचेच. १९४४ साली हे सूत्र छापून आलं तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. हाल्डेनचं सूत्र १९१९ चं. त्यात गृहीत असं, की गुणसूत्रावर एका जागी अदलाबदल झाली तरी शेजारच्या अदलाबदलीवर तिचा परिणाम होत नाही. प्रत्यक्षात होतो, एक झाली की जवळ दुसरी व्हायला अडथळा येतो. कोसंबींनी तो अडथळा सूत्रात धरला, तोही असा की अंतर जवळ असेल तर जास्त आणि लांब असेल तर विरत जाणारा. आकड्यात सांगतो. १०० पैकी २० संततींत अदलाबदल दिसली, तर हाल्डेन म्हणतात अंतर २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक), कोसंबी म्हणतात २१.२. शेतात जनुक शोधायला निघालेल्या माणसाला हा फरक लहान नाही.

त्यांना कुठल्या प्रयोगशाळेने एमओयू दिला होता असं ऐकिवात नाही. दुसरं उदाहरण तर याहून भारी. प्राचीन आहत (ठसे उमटवलेल्या) नाण्यांचा काळ ठरवायला त्यांनी तराजू घेतला. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं, म्हणून वजनांच्या सरासरीवरून कुठलं आधीचं कुठलं नंतरचं हे लावता येईल, हा विचार. आणि झीज खरंच तशी होते का हे बघायला चालू व्यवहारातली नाणी आणून तीही वजन केली. गणिताचा माणूस, पण आकडा स्वतःच्या हाताने तयार केला.

तुमच्या त्या मुलीला हे सांगा. काट्यावरचीच गोष्ट आहे.

खडूधूळ, १६ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

कोसंबींची गोष्ट छान, पण आपण कोसंबी नाही. मीही तालुक्यातच शिकवतो, व्यवहाराचं बोलतो. प्रयोगशाळेच्या मागे लागूच नका. हवामान खात्याचे पावसाचे चौकटीवार आकडे आहेत, पाव अंशाच्या चौकटी, १९०१ पासूनचे. बसल्या जागी मिळतात. माझ्या दोन मुलांनी आमच्या तालुक्यातल्या कोरड्या दिवसांच्या सलग रांगांवर काम केलं आणि 'आविष्कार' या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेत विद्यापीठ पातळीपर्यंत गेले. खर्च शून्य, कुणाची मनधरणी नाही.

त्रिज्या_तालुका, १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

खडूधूळ सर, हे मी तिला सुचवलं होतं. ती म्हणाली, "सर, ते आकडे झालेले आहेत. मला होताना बघायचेत." हट्टी आहे. (तुमचं काम मात्र बघायला आवडेल, व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करतो.)

लिंबाची_सावली, १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मी जरा कडू बोलणार आहे. धाग्यात मुलीचं नाव पुढे आहे, पण सर, पेपर कुणाला हवाय? मी एमएस्सीला असताना आमच्या गाइडने माझ्याकडून दोन वर्षं आकडेमोड करून घेतली. पेपरात माझं नाव 'आभार' मध्ये होतं, तेही स्पेलिंग चुकवून. विद्यार्थ्याला घडवायच्या नावाखाली फुकटचा हमाल मिळतो, हे आपल्याकडे फार चालतं. तुम्ही तिच्याशी हे आधी बोललात का?

त्रिज्या_तालुका, १७ नोव्हेंबर, रात्री ११:५०

दिवसभर काय उत्तर द्यावं कळेना.

खोटं कशाला बोलू, पेपर मलाही हवाय. पुढच्या कॅसला, म्हणजे बढतीला, लागतो. आणि नाही, तिच्याशी बोललो नव्हतो. आज बोललो. ठरलं ते असं: आकडे आणि आकडेमोड तिची असेल तर पहिलं नाव तिचं. 'आविष्कार'ला गेलं तर सादर ती करेल, मी मार्गदर्शक म्हणून. तिच्या वहीत तारखेसह लिहून दोघांनी सह्या केल्या. तिला हे सगळं फार विनोदी वाटलं. मला वाटलं नाही.

तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं.

लिंबाची_सावली, १८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

धन्यवाद. आता मदत करते. फेलोशिपच्या अर्जात 'आपल्याला का जायचंय' हे लिहायचं असतं, ते तिलाच लिहू द्या. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. शिक्षकाने लिहिलेलं लगेच ओळखू येतं, मी छाननीला बसलेय दोनदा.

वाटाड्या_११, १८ नोव्हेंबर, दुपारी १२:००

वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

त्रिज्या_तालुका, २२ जानेवारी, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. दोन महिने गायब होतो, कारण जिना ओलांडला.

मायक्रोच्या मॅडमना भेटलो. त्यांना आधी वाटलं मी युनिट टेस्टचं वेळापत्रक घेऊन आलोय. म्हटलं, एक विद्यार्थिनी आहे, तिला जिवाणूंची वाढ मोजताना बघायचीय. त्या म्हणाल्या, "बघायची कशाला, मोजू दे की." डिसेंबरात एसवायचं प्रॅक्टिकल होतं, तिला त्यात बसवलं. नळीतलं पिवळसर ब्रॉथ (जिवाणूंचं पोषक द्रव), त्यात ई. कोलाय जिवाणू, शेकरवर ३७ अंशाला. दर अर्ध्या तासाने थोडं काढून क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक भांड्यात) घालायचं, स्पेक्ट्रो या प्रकाश मोजणाऱ्या मशीनमध्ये ६०० नॅनोमीटरला ओडी, म्हणजे प्रकाश किती अडतो, ते बघायचं. जितके जिवाणू जास्त तितकं गढूळ, तितका आकडा मोठा.

तिचे पहिले पाच आकडे असे होते: ०.०५२, ०.०६९, ०.११२, ०.१८८, ०.३५१.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये वर्षानुवर्षं लिहीत आलेत की सुरुवातीचा तासभर 'लॅग फेज', म्हणजे जिवाणू नव्या जागी रुळत असतात, वाढ मंद. आकडेही तेच सांगतात, पहिल्या अर्ध्या तासात जेमतेम १.३ पट, शेवटच्या अर्ध्या तासात १.९ पट. मुलांनी आलेख काढले, 'लॅग फेज' लिहून बाण दाखवला, सही घेतली, गेली घरी.

ही गेली नाही. तिने ओळीने वजाबाक्या केल्या. ०.०१७, ०.०४३, ०.०७६, ०.१६३. मला दाखवायला आली. "सर, आकडे दुप्पट होत नाहीत, पण फरक साधारण दुप्पट होतायत. आणि पहिल्यापासून होतायत."

मी कागद घेतला. तुम्हीही घ्या. प्रत्येक मोजमापात एक ठरावीक रक्कम फुकटची मिसळलेली असेल, समजा ०.०३, तर काय होईल? खरी वाढ ०.०२, ०.०४, ०.०८, ०.१६, ०.३२ अशी शुद्ध दुपटीची असली तरी दिसेल ०.०५, ०.०७, ०.११, ०.१९, ०.३५. सुरुवातीला खरा आकडा लहान म्हणून ती फुकटची रक्कम त्याला झाकून टाकते आणि वाढ मंद भासते. पुढे खरा आकडा मोठा झाला की रक्कम त्यात विरघळते. लॉग घेऊन आलेख काढला तर सुरुवातीला सपाट, मग चढ. हुबेहूब लॅग फेज. पण वजाबाकी केली की स्थिरांक उडतो. हे मी दरवर्षी एफवायला शिकवतो आणि मला ते दिसलं नाही.

मी तिला विचारलं, ही रक्कम येईल कुठून? मला वाटलं आता ती समीकरण मांडेल. ती उठली, जिना ओलांडून गेली आणि लॅब असिस्टंटना विचारलं, "मामा, रिकाम्या गाडीचं वजन कशावर केलंत?"

मामांना काही कळेना. मग तिने समजावून सांगितलं. काट्यावर रिकामी ट्रॉलीही मोजतात, ते वजन भरलेल्या ट्रॉलीतून वजा होतं, तसं या मशीनला शून्य कशावर दिलं? मामा म्हणाले, "डिस्टिल्ड वॉटरवर. नेहमीच."

ब्रॉथ मात्र पिवळसर. जिवाणू नसले तरी त्याचा स्वतःचा थोडा आकडा येतोच. शून्य द्यायला हवं होतं कोऱ्या ब्रॉथवर.

गोळाबेरीज, २२ जानेवारी, रात्री १०:५२

"रिकाम्या गाडीचं वजन कशावर केलंत" 👏👏 बास. झोप उडाली.

मुरलेलं_लोणचं, २२ जानेवारी, रात्री ११:१०

मॅडम काय म्हणाल्या ते सांगा. माझा जीव तिथे अडकलाय.

त्रिज्या_तालुका, २३ जानेवारी, सकाळी ६:४०

काहीच नाही. "बरं" म्हणाल्या आणि तासाला गेल्या. दोन दिवस स्टाफरूममध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरात जाऊन मुलीकरवी चूक काढली असं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. म्हणाल्या, पाण्याचं ब्लँक, म्हणजे पाण्यावर शून्य देणं, कधी सुरू झालं ते त्यांनाही आठवत नाही, बहुतेक ब्रॉथ वाचवायला, कारण ग्रँट यायला वर्ष उलटायचं. आणि म्हणाल्या, "तिला शनिवारी पाठवा, दोन्ही ब्लँक लावून परत मोजू."

पेट्रीबशी, २३ जानेवारी, सकाळी ९:२५

मायक्रोवाली आहे, म्हणून आमच्या जमातीची बाजू मांडते. मुलगी हुशार आहेच, शंका नाही. पण घाईने 'लॅग फेज खोटा' असं छापू नका. ओव्हरनाइट, म्हणजे रात्रभर वाढवलेल्या, कल्चरमधून इनॉक्युलम (पेरायचं विरजण) घेतलं असेल तर ते जिवाणू थांबलेल्या अवस्थेतले असतात, त्यांना परत धावायला वेळ लागतोच. लॅग खरा असतो. तुमच्या त्या पहिल्या फरकावर, ०.०१७ वर, माझा भरवसा नाही. साध्या स्पेक्ट्रोत क्युव्हेट नीट पुसला नाही तरी ०.००५ इकडेतिकडे होतं, आणि फरक दोन मोजमापांचा म्हणजे चूकही दोघांची. इनॉक्युलम कसं घेतलं, किती टक्के, प्रत्येक वेळेला किती नळ्या, हे सगळं लिहा. दर दहा मिनिटांनी मोजा. आणि ०.४ च्या वर गेलं की पातळ करून मोजा, नाहीतर वरच्या टोकाला आकडा दबतो आणि तुम्हाला वाटेल वाढ थांबली.

बहुलक, २३ जानेवारी, दुपारी २:१५

पेट्रीबशींना +१. सांख्यिकीचा माणूस म्हणून पुढचा खड्डा दाखवून ठेवतो. या पाच आकड्यांवर लॉजिस्टिक बसवायच्या फंदात पडू नका. वाढीचा वेग मिळेल, पण कमाल मर्यादा, ते के, मिळणार नाही. वक्र वळायला लागतो के च्या निम्म्यावर. त्याच्या बऱ्याच आधी मोजणं थांबवलं तर के १.२ धरा नाहीतर ३ धरा, आर जरा हलवला की दोन्ही वक्र त्याच ठिपक्यांतून जातात. संगणक मात्र बिनदिक्कत चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो. मुलीला दोन्ही वक्र हाताने काढायला लावा. आणि खरं तर हाच तिचा प्रश्न होऊ शकतो: के ठरवायला शेवटचं मोजमाप किती वाजता घ्यायला हवं?

त्रिज्या_तालुका, ११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

तीन शनिवार गेले. पेट्रीबशी, तुमचा निरोप मॅडमना दाखवला, त्या म्हणाल्या "ही कोण आहे, बरोबर बोलतेय." तीन-तीन नळ्या, दर दहा मिनिटांनी, दोन्ही ब्लँक. कोऱ्या ब्रॉथचा पाण्याच्या शून्यावर आकडा आला ०.०२८. लॅग आहे, तुमचंच खरं. पण तासाचा नाही, वीस मिनिटांच्या आतबाहेर. उरलेला पिवळ्या रंगाचा.

दोन्ही वक्र तिने हाताने काढले. आलेखाच्या कागदावर एकावर एक. मग गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे पुस्तकातला के कुणीतरी रात्रभर जागून मोजला असणार." त्यानंतर बहुलकांचा प्रश्न तिचा झालाय. आर आणि के थोडे हलवले तर वक्र कुठल्या वेळेला सगळ्यात जास्त हलतो, याचे डेरिव्हेटिव्ह घेत बसते. यात मी उपयोगी पडतो, फळ्यावर चुकलेलं चिन्ह शोधून देतो.

ध्रुवपद, नवीन मेल लिहिलाय. बायोडाटा नाही. आठ ओळी, एक तक्ता, एक आलेख. ज्यांना पाठवायचा त्यांचा एक पेपर आम्ही दोघांनी दोन आठवडे वाचला. त्यातल्या एका आकृतीत मोजमापं पाचव्या तासाला थांबली आहेत. आमचा प्रश्न तेवढाच, की सहाव्या आणि सातव्या तासाचे आकडे असतील तर बघायला मिळतील का, कारण आमच्या हिशेबाने तिथे के कळायला हवा. तिच्या नावाने जाणार, मी फक्त सीसीत.

ध्रुवपद, ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

पाठवाच. परत वाचत बसू नका. आणि सोमवारी सकाळी जाईल असं बघा, शुक्रवारचे मेल गाळात जातात.

त्रिज्या_तालुका, २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

उत्तर आलं, चौथ्या दिवशी. ते आकडे त्यांच्याकडे आहेत, छापले नव्हते, कारण दोन नळ्या बिघडल्या होत्या. फाइल पाठवली, सोबत अट, की विचारल्याशिवाय कुठे द्यायची नाही. आणि खाली एक ओळ: मे-जूनमध्ये सहा आठवडे यायला जमेल का, मोजायला माणूस कमी आहे.

तिने ती ओळ मला फोनवर तीनदा वाचून दाखवली.

खडूधूळ, २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

अभिनंदन! मी माघार घेतो. (पावसाचे आकडे तरीही चांगले आहेत.)

मुरलेलं_लोणचं, २० फेब्रुवारी, रात्री ८:००

एमओयू करणार ना? शाल माझ्याकडे आहे एक, वापरलेली.

त्रिज्या_तालुका, २० फेब्रुवारी, रात्री ८:२०

प्राचार्यांनीही पहिला प्रश्न हाच विचारला.

आता खरी अडचण. मानधन आहे, पण हॉस्टेल उन्हाळ्यात भरलेलं. सहा आठवडे राहायचं कुठे? मुलगी कधी एकटी तालुक्याबाहेर राहिलेली नाही. वडील 'नाही' म्हणत नाहीत, पण 'हो' ही म्हणत नाहीत. काल कारखान्यावर जाऊन त्यांना भेटलो. गळीत हंगाम संपत आलाय, तरी ट्रॅक्टरांची रांग होती. काट्याच्या खोलीत चहा पाजला, आलेख नीट बघितला, दोन वक्रांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "पाण्याचं शून्य देत होते होय?" मग हसले. राहण्याची सोय सांगा, मग बघू, म्हणाले.

पाषाणच्या आसपास मुलींसाठी कुठे जागा माहीत आहे का कुणाला? पेइंग गेस्ट चालेल, घरगुती असेल तर उत्तम.

लिंबाची_सावली, २० फेब्रुवारी, रात्री ९:४५

माझी मावशी सुतारवाडीत राहते. एकटीच असते, वरची खोली रिकामी आहे. तिला विचारलं आत्ताच. म्हणाली, पैशाचं नंतर बघू, मुलगी भाजी निवडते का? नंबर व्यनि करते.

त्रिज्या_तालुका, २१ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

व्यनि मिळाला. वडिलांना मावशींचा नंबर दिला, रात्रीच बोलले दोघे. रविवारी मी, ते आणि ती एसटीने येतोय खोली बघायला. ते विचारतायत, मावशींना काकवी चालते का, दोन किलो आणतायत.